चार लक्ष बारा हजार एकशे पाच

मोशी येथे राहावयास जाण्याच्या बेतात असलेल्या एका वाचकभगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. पुणे-नाशिक रस्त्यालगत एका नव्या इमारतीत त्यांच्या यजमानांनी जागा पसंत केली, विसाराची रक्कमही दिली. आणि मग कोणा स्नेह्याच्या आग्रहास्तव एका अंकशास्त्रज्ञास पत्ता दाखविण्यात आला. त्या गृहस्थांनी घराच्या दिशेकडे पाहिले नाही की पाण्याच्या सोयीकडे पाहिले नाही. पत्त्याच्या शेवटी असलेला टपालाचा आकडा, म्हणजे ४१२१०५, एवढाच त्यांनी घेतला, त्यातील अंकांची बेरीज १३ केली, तेराचे पुन्हा ४ केले, आणि चार हा राहूचा अंक असून यजमानांच्या जन्मतारखेशी त्याचे वैर आहे, सबब ही जागा सोडावी, असा निर्णय दिला. जागा सोडली तर विसार बुडतो. न सोडली तर सासूबाईंच्या मनात कायमची रुखरुख राहते. "या आकड्यात खरोखरीच काही वाईट आहे काय, एवढे आपण सांगावे," असे भगिनींनी लिहिले आहे.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा मार्गही एकच आहे: आकडा हाती घेऊन तो पारखून पाहणे. आम्ही तो पारखला. त्यात आम्हांस जे आढळले ते इतके मनोरंजक निघाले की हे सदर सर्वस्वी त्यालाच द्यावे असे ठरविले.

प्रथम हा आकडा आला कोठून ते पाहू. तो ग्रहांनी दिलेला नसून टपालखात्याने दिलेला आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात ही सहा अंकी पद्धत सुरू झाली, आणि ती रचिली एका मराठी गृहस्थांनी, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. तितकेच ते संस्कृतचे व्यासंगी, कवी आणि नाटककार होते. एकाच नावाची गावे देशात डझनावारी, पत्त्याच्या भाषा निरनिराळ्या, अक्षर तर ज्याचे त्याचे. या गोंधळातून पत्र नीट पोहोचावे म्हणून त्यांनी ही योजना आखली. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. आपला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा. दुसरा अंक पोटविभाग सांगतो, तिसऱ्याने पत्रे निवडण्याचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक त्या त्या टपालकचेरीचे असतात. ४११ हे बहुतांशी पुणे शहराचे व ४१२ हे भोवतालच्या ग्रामीण भागाचे. मोशी हे इंद्रायणीकाठचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. शेते जाऊन इमारती आल्या. पण टपालाच्या हिशेबात ते अजून ४१२ च्या घरीच नांदते आहे. गावाचा पूर्वेतिहास त्या एका दोहोत शिल्लक राहिला म्हणावयाचा.

आता तेराविषयी. हा ४१२१०५ आकडा एकट्या मोशीचा नाही. देवाच्या आळंदीचाही तोच आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी जेथे १२९६ साली समाधी घेतली, जेथे कार्तिकी एकादशीस लक्षावधी वारकरी मिळतात, त्या क्षेत्राच्या पत्त्याखाली हेच सहा अंक लिहिले जातात. चाराचा अंक अशुभ असता तर ती अशुभता प्रथम तेथे दिसावयास हवी होती. सासूबाईंची समजूत घालण्यास एवढे एक कारण पुरेसे होईल असे आम्हांस वाटते.

परंतु ज्यांस गणिताने समजूत पटते त्यांच्यासाठी दुसरे कारण आहे, आणि ते अधिक पक्के आहे. अंकांची बेरीज हा संख्येचा गुण नसून आपल्या लिहिण्याच्या रीतीचा गुण आहे. आपण दहा-दहांचे गट करतो, कारण आपल्या हातांस बोटे दहा. आठ-आठांचे गट करून लिहिण्याची वहिवाट असती, तर हीच संख्या १४४४७११ अशी लिहिली गेली असती आणि तिच्या अंकांची बेरीज २२ आली असती. संख्या तीच, खडे तितकेच. बेरीज मात्र निराळी. मग राहू कोणत्या बेरजेत बसावा? तेरातील भय इतके पातळ आहे. शिवाय ४१२१०५ ला १३ ने भागून पाहिले तर भाग जातच नाही, बाकी ५ उरतात. भिण्याजोगा तेरा त्या संख्येच्या पोटात नाहीच!

दहांच्या रीतीत अंकांच्या बेरजेचा एक खरा उपयोग मात्र आहे, तो सांगितला पाहिजे. १३ ची पुन्हा बेरीज ४, याचा अर्थ इतकाच की ४१२१०५ ला ९ ने भागले असता बाकी ४ उरते. ताळा पाहण्यास या बाकीसारखे सोपे साधन नाही. पुढे जी गणिते आम्ही देणार आहो त्यांचा ताळा मुलांकडून याच रीतीने करून घ्यावा.

तर मग या संख्येच्या पोटात आहे तरी काय? शेवटचा अंक ५ असल्यामुळे पाचाने भाग जातो हे उघडच आहे, भागाकार ८२४२१. येथवर कोणताही शाळकरी मुलगा येईल. पुढे ८२४२१ चे अवयव पाडावयाचे. आम्ही पाटी घेऊन बसलो. २८७ चा वर्ग ८२३६९ व २८८ चा वर्ग ८२९४४ होत असल्यामुळे २८७ पर्यंतच्या मूळसंख्यांनी भागून पाहिले की काम भागते. अशा मूळसंख्या २ पासून २८३ पर्यंत एकंदर ६१ आहेत. सात, अकरा, सतरा, एकोणीस करीत आम्ही पुढे गेलो. तेराशी थोडी चकमक झाली: १३ गुणिले ६३४० म्हणजे ८२४२०, एकाने कमी. २४१ पाशी तर हाती आल्यासारखे वाटले, कारण २४१ गुणिले ३४२ म्हणजे ८२४२२, एकानेच जास्त. परंतु नेमका भाग कोणीच लाविला नाही. एकसष्टच्या एकसष्ट मूळसंख्या हात हालवीत परत गेल्या. ८२४२१ ही स्वतःच मूळसंख्या आहे. म्हणजे ४१२१०५ या संख्येस १ व ती स्वतः यांखेरीज ५ आणि ८२४२१ असे दोनच भाजक आहेत. इतके खडे घेऊन त्यांचा आयत मांडावयाचा म्हटला, तर पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत ८२४२१ खडे, नाहीतर एकच लांबलचक ओळ. तिसरा मार्ग नाही.

अशी संख्या रुक्ष व एकलकोंडी असेल असे कोणास वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. पण आयतात न मावणारी ही संख्या चौरसांत मात्र सुरेख मावते. ८२४२१ ला ४ ने भागले असता बाकी १ उरते. ज्या मूळसंख्येस चाराने भागून एक बाकी राहते ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपाने लिहिता येते, आणि एकाच प्रकारे लिहिता येते, असा एक सिद्धांत आहे. फ्रान्समधील फेर्मा नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १६४० साली तो एका पत्रात कळविला, व त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी ऑयलरने त्याची सिद्धता दिली. सिद्धांत वर्ग आहेत एवढे सांगतो. ते कोणते हे आपले आपण शोधावे लागते. आम्हांस शोधावयास वेळ लागला नाही. २८६ चा वर्ग ८१७९६, तो वजा करता ६२५ उरतात, आणि ६२५ म्हणजे २५ चा वर्ग हे कोणासही पाठ असते. ५ चे वर्ग तर सोपेच: एकाचा वर्ग एक, दोहोंचा वर्ग चार.

आता दोन संख्या जर दोन-दोन वर्गांच्या बेरजा असतील, तर त्यांचा गुणाकारही तसाच असतो, आणि ते दोन वर्ग काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आपल्या ब्रह्मस्फुटसिद्धांतात जी 'भावना' नावाची गुणाकाराची रीत वर्गप्रकृतीसाठी सांगितली, आणि पुढे भास्कराचार्यांनी बीजगणितात जिचा विस्तार केला, तीच रीत थोड्या चिन्हभेदाने येथे लागू पडते. १, २ ही एक जोडी व २८६, २५ ही दुसरी. पहिल्यास पहिल्याने, दुसऱ्यास दुसऱ्याने गुणावे: २८६ व ५०. मग आडवे गुणावे: २५ व ५७२. प्रथम सरळ गुणाकारांची बेरीज व आडव्यांची वजाबाकी घ्यावी, म्हणजे ३३६ आणि ५४७ मिळतात. नंतर उलट करावे, म्हणजे २३६ आणि ५९७. करून पाहा. ३३६ चा वर्ग ११२८९६, ५४७ चा वर्ग २९९२०९, बेरीज ४१२१०५. २३६ चा वर्ग ५५६९६, ५९७ चा वर्ग ३५६४०९, बेरीज पुन्हा ४१२१०५. दोन वर्गांची बेरीज, दोन निरनिराळ्या प्रकारांनी, आणि तिसरा प्रकार नाही.

हे नुसते कागदावरचे कौतुक वाटू नये म्हणून जमिनीचे उदाहरण घेऊ. मोशीस जमिनीचाच व्यवहार अधिक. ४१२१०५ चौरस फूट म्हणजे नऊ एकर अठरा गुंठ्यांहून किंचित अधिक क्षेत्र. एवढी जमीन दोघां भावांत अशी वाटावयाची की प्रत्येकाच्या वाट्यास नेमका चौरस तुकडा यावा, बाजू पुऱ्या फुटांत असावी, आणि एक चौरस फूटही शिल्लक राहू नये. बहुतेक क्षेत्रफळांच्या बाबतीत अशी वाटणी मुळीच साधत नाही. येथे ती दोन तऱ्हांनी साधते. थोरल्यास ५९७ फुटांचा चौरस व धाकट्यास २३६ फुटांचा, ही एक. थोरल्यास ५४७ व धाकट्यास ३३६, ही दुसरी. धाकट्याने दुसरीचा आग्रह धरावा हे उघड आहे, कारण तीत त्याचा वाटा दुपटीहून अधिक होतो. सारखी वाटणी मात्र गणितास अशक्य आहे. ४१२१०५ ही विषम संख्या असल्यामुळे तिचे दोन सारखे पूर्ण भाग होणारच कसे?

लीलावती ज्यांनी वाचिली आहे त्यांस आणखी एक गोष्ट सुचेल. जी संख्या दोन वर्गांची बेरीज असते ती काटकोन त्रिकोणाचा कर्ण होऊ शकते. ५९७ व २३६ यांच्या वर्गांचे अंतर ३००७१३, आणि त्यांच्या गुणाकाराची दुप्पट २८१७८४. भुज व कोटी हे असे घेतले तर कर्ण बरोबर ४१२१०५ येतो. ५४७ व ३३६ घेतले तर १८६३१३ आणि ३६७५८४ ही दुसरी जोडी मिळते. या दोन्ही जोड्यांना पाचाने किंवा कशानेही लहान करता येत नाही. (पाच या अवयवामुळे आणि ८२४२१ मुळे आणखी दोन त्रिकोण मिळतात, पण ते ३-४-५ सारख्या लहान त्रिकोणांस फुगवून झालेले असल्यामुळे त्यांत नवे काही नाही.)

आता मुलांच्या आवडीचा भाग. संख्या उलटी लिहावी: ५०१२१४. दोहोंची बेरीज करावी: ९१३३१९. ही उजवीकडून वाचली काय आणि डावीकडून वाचली काय, सारखीच! कित्येक संख्यांच्या बाबतीत असे उलटून मिळविणे पाच-पाच, दहा-दहा वेळा करावे लागते तेव्हा अशी विलोम संख्या हाती येते. ८९ पासून आरंभ केला तर चोवीस वेळा. मोशीच्या आकड्यास एकदाच पुरते, कारण समोरासमोरच्या अंकांची कोणतीही बेरीज नऊच्या वर जात नाही आणि हातचा राहत नाही. विलोमाचा हा छंद आपल्याकडे केवळ अंकांपुरता नव्हता. गोदातीरीच्या पार्थपूरचा सूर्य पंडित सोळाव्या शतकात होऊन गेला. त्याने लीलावतीवर टीका लिहिली, आणि सुलट वाचता रामाचे व उलट वाचता कृष्णाचे वर्णन होईल असे रामकृष्णविलोमकाव्यही त्यानेच रचिले. गणित आणि काव्य ही दोन निरनिराळी माणसे करतात ही समजूत अलीकडची आहे. टपालाचे आकडे रचणारे वेलणकर संस्कृत कवी होते यात म्हणूनच नवल नाही.

अंकांशी असे खेळण्यात ज्यांनी जन्म वेचला त्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण येथे न होईल तर नवल. मोशीवरून जाणारा रस्ता नाशिकला जातो, आणि नाशिकजवळच्या देवळालीस कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा; शिक्षण ठाण्यास व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात; विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, स्वतंत्र गणितलेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी मिळविले. पुढे मोठी पदवी नाही, विद्यापीठातील जागा नाही. शाळेत शिकवावे आणि उरलेल्या वेळी आकडे मांडावे, असा त्यांचा क्रम. ६१७४ या संख्येचा चमत्कार त्यांस १९४६ साली आढळला. चार निरनिराळे अंक घ्यावे, ते उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी, उत्तरावर पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणितपरिषदेत त्यांनी ते सांगितले. आपल्याकडे पुष्कळ पंडितांनी ही पोरखेळाची गोष्ट म्हणून बाजूस सारली. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगास त्यांचे नाव कळले; कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. निवृत्तिवेतन अपुरे पडे म्हणून ते उतारवयात शिकवण्या करीत असत. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांची ही रीत आपण मोशीस लावून पाहू. अंक उतरते: ५४२११०. चढते: ०११२४५. वजाबाकी ५३०८६५. पुन्हा तीच क्रिया केली की ८२९९६२. मग ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि नवव्या पायरीस ८५१७४२. येथे मुलांनी सावध व्हावे. पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि मग? पुन्हा ८५१७४२! सहा अंकी संख्यांस चार अंकींसारखे एकच विश्रांतिस्थान नाही. कित्येक ५४९९४५ वर जाऊन थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बाकीच्या या सात संख्यांच्या रिंगणात शिरून अखंड प्रदक्षिणा घालीत राहतात. मोशी व आळंदी यांचा समाईक आकडा प्रदक्षिणेस लागला, हे वारकऱ्यांच्या वाटेवरील गावास शोभतेच. या पायऱ्यांपैकी प्रत्येक संख्येस ९ ने पुरा भाग जातो. अंकांची जागा बदलली तरी त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून दोन्ही मांडण्यांत नऊची बाकी एकच, आणि वजाबाकीत ती उडून जाते. अंकशास्त्रज्ञांचा तो भयंकर चार पहिल्याच पायरीस नाहीसा झाला, हे भगिनींनी सासूबाईंस अवश्य दाखवावे.

कापरेकरांची दुसरी कल्पना आम्हांस ६१७४ हूनही अधिक आवडते. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. जी नवी संख्या येईल तिची पहिली संख्या ही जननी. ४१२०८५ च्या अंकांची बेरीज २०, मिळविली की ४१२१०५. म्हणजे मोशीस वंशावळ आहे: ४१२०८५ ची जननी ४१२०६६, तिची ४१२०५२, तिची ४१२०३६, तिची ४१२०१९, तिची ४१२००६, आणि अशीच मागे मागे. परंतु काही संख्या अशा असतात की त्यांस जननीच नसते. त्यांस कापरेकरांनी स्वयंभू म्हटले व १९६३ साली त्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. मोशीच्या अगदी शेजारची, एकाने लहान असलेली ४१२१०४ ही तशी स्वयंभू आहे! हे तोंडी तपासता येते. सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, तेव्हा जननी शोधावयाची ती ४१२०५० च्या पुढेच. शिवाय जननीची नऊची बाकी दुप्पट केली असता ४१२१०४ ची बाकी ३ आली पाहिजे, आणि ते बाकी ६ असेल तरच जमते. अशा संख्या सहाच: ४१२०५३, ४१२०६२, ४१२०७१, ४१२०८०, ४१२०८९, ४१२०९८. त्यांत आपापल्या अंकांची बेरीज मिळविली की अनुक्रमे ४१२०६८, ४१२०७७, ४१२०८६, ४१२०९५, ४१२११३ आणि ४१२१२२ येतात. पहिल्या चार अलीकडेच राहतात, शेवटच्या दोन उडी मारून पलीकडे जातात. ४१२१०४ वर कोणी उतरत नाही.

येथे एक वाद उपस्थित होईल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कोणी म्हणेल की अंकांच्या बेरजेस आपणच लिहिण्याची रीत म्हणून हिणविले. मग कापरेकरांचे उलटसुलट करणे तरी काय निराळे? आक्षेप खरा आहे. केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अशा चमत्कृतींस गणितात मान नाकारला. उदाहरण म्हणून त्यांनी ८७१२ आणि ९८०१ घेतले: चार अंकी संख्यांत आपल्याच उलट्या संख्येच्या पूर्ण पटीत असणाऱ्या या दोनच. हार्डींच्या मते यात गणितज्ञाने मोहून जावे असे काही नाही. त्यांच्या अधिकाराविषयी आम्हांस आदर आहे. रामानुजनांची योग्यता त्यांनी ओळखली. दोन वर्गांचा सिद्धांत हा अंक कसेही लिहिले तरी टिकणारा आणि म्हणून वरच्या पायरीचा, हेही आम्ही मान्य करतो. तथापि कापरेकर आणि अंकशास्त्रज्ञ यांस एका पंक्तीस बसविता येत नाही. कापरेकर जे सांगतात ते कोणीही पाटीवर करून पाहावे आणि खोटे निघाले तर टाकून द्यावे; विसार बुडवा असे त्यांनी कोणास सांगितले नाही. आणि ९८०१ विषयी म्हणाल, तर हार्डींस एक गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याची उलट १०८९ म्हणजे आमच्याकडे तेहतीस फुटांचा चौरस, एक गुंठा. आणि ९८०१ चौरस फूट म्हणजे बरोबर नऊ गुंठे. ज्या संख्येवर त्यांनी फुली मारली ती आमच्या खेड्यापाड्यांतून नांदते आहे.

भगिनींस आमचा सल्ला असा: जागेचे कागद वकिलास दाखवावे, पाणी किती वेळ येते ते शेजाऱ्यांस विचारावे, पावसाळ्यात रस्त्याची स्थिती काय होते ते जाऊन पाहावे. ही तिन्ही समाधानकारक असतील तर विसार बुडविण्याचे कारण नाही. आकड्याविषयी आम्ही वर लिहिले ते घरात वाचून दाखवावे.

आमच्या पुणेकर वाचकांस आता आपल्या पेठेच्या आकड्याविषयी उत्सुकता वाटू लागली असेल. सदाशिव पेठेचा आकडा ४११०३०. त्याच्या अंकांची बेरीज ९, आणि त्या बेरजेने त्यास पुरा भाग जातो. अशा संख्येस कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले आहे. मोशीस तो मान नाही. सदाशिव पेठेच्या अवयवांतही एक गंमत आहे: ४११०३० म्हणजे ९० गुणिले ४५६७, आणि चार, पाच, सहा, सात अशा ओळीने उभे राहिलेल्या अंकांची ही ४५६७ मूळसंख्या आहे. मात्र तिला चाराने भागले असता बाकी तीन उरते. त्यामुळे सदाशिव पेठेची जमीन दोघां भावांत चौरस तुकड्यांनी वाटावयाची म्हटली तर ती कोणत्याही प्रकारे वाटली जात नाही. मोशीची दोन प्रकारांनी वाटली जाते. नारायण व शनिवार पेठांचा आकडा एकच, ४११०३०. तेव्हा त्या पेठांतील वाचकांनी निराळा हिशेब करण्याचे श्रम घेऊ नयेत. इतरांनी आपापले आकडे पारखून आम्हांस जरूर कळवावे.